आबांच्या गाडीचं स्टिअरिंग

१२ जानेवारी
मागचं मडगार्ड परत उचकटलं. सोल्डरिंग नीट बसलं नव्हतं, फट दिसत होती. टूलरूममध्ये अख्खी नोकरी काढली, कोणाचा फटीचा जॉब पुढं जाऊ दिला नाही. आता स्वतःचा कसा सोडू? सुमन चहा ठेवताना म्हणाली, "अहो, खरी गाडी करायला कंपनीला एवढा वेळ लागला नसंल." नसेलच. कंपनीकडं माणसं होती.

खऱ्या गाडीचा विषय निघाला की अजून डोकं तापतं. आबांची, आमच्या वडिलांची, काळी गाडी, निजामाच्या काळात अमेरिकेहून आलेली, फुलंब्रीच्या घरामागं छपरात उभी असायची. आबा गेले त्याच वर्षी थोरल्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, भंगारवाल्याला बोलावून ती कापायला लावली. मला विचारणं सोडाच, कळवलंही नाही. सुट्टीला गेलो तर छपराखाली तेलानं काळी झालेली माती आणि तिथं बांधलेल्या शेळ्या. "जागा अडवीत व्हती," म्हणाले. विषय संपला. त्यांचा.

म्हणून ही तिची हुबेहूब छोटी गाडी. फुटाला एक इंच. पुरी झाली की फुलंब्रीला न्यायची, त्यांच्यापुढं ठेवायची आणि त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं: चुकलं माझं. दुसरं काही नको.

१९ जानेवारी
शहागंजचा बाजार. चाकांच्या तारांसाठी मोडक्या छत्र्या हव्या होत्या. छत्रीवाला हसायलाच लागला. "क्या मामू, लोगां छत्री मांगते, तुम हड्डियां मांगरे." दिल्या मात्र. काड्या चांगल्या आहेत, पोलादी.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. कपाटातल्या बाकीच्या गाड्या बघून म्हणाले, छान खेळणी आहेत, नातवासाठी का? नातू नाही म्हटल्यावर गडबडले. चहा न घेताच गेले. बरं झालं.

२७ जानेवारी
बाळूनं, म्हणजे थोरल्यांच्या मुलानं, मोबाइलवर फोटो पाठवला. ट्रंकेत जुनी निगेटिव्ह सापडली, तीवरून स्टुडिओत काढून घेतला म्हणे. दसऱ्याचा फोटो, समोरून. गाडीला झेंडूचे हार, नंबरप्लेट पार झाकलेली. आबा स्टिअरिंगवर. शेजारी थोरले, टोपी घालून, ऐटीत. मी फोटोत नाही. कशाला असेन?

आणि स्टिअरिंग डावीकडं.

मी उजवीकडं केलंय. डॅशबोर्ड, पेडल, सगळं बसवून झालंय. मला उजवीकडंच आठवतं.

२८ जानेवारी
आठवतं म्हणून काय? आठवणीला टेप लावता येत नाही. फोटो असला की फोटोच खरा, हा या कामातला पहिला नियम. मीच दुसऱ्यांना सांगतो. आणि थेट अमेरिकेहून आलेली गाडी, असेलही डावं. मी केवढा होतो तेव्हा? मला मागंच बसवायचे. पुढची जागा थोरल्यांची.

३१ जानेवारी
डॅशबोर्ड तोडला. पक्कड लावताना हात थांबला होता, तरी तोडला.

९ फेब्रुवारी
आज नळाचा दिवस. सुमनची टाकी, ड्रम, बादल्या, मोटर, आरडाओरडा. मी गॅलरीत काळा रंग मारून गाडी वाळत ठेवलेली, त्यावर ड्रमचं पाणी उडालं. मी नको ते बोललो. ती म्हणाली, "गाडीवर चार थेंब उडाले तर एवढं. फुलंब्रीला जाऊन दादांना बोला की असं. तिथं तर मिशीतल्या मिशीत पुटपुटता." खरं आहे म्हणून जास्तच झोंबलं. रंग घासून काढला. परत पहिल्यापासून.

२२ फेब्रुवारी
झाली. काळी, चकचकीत, छत्रीच्या काड्यांची चाकं फिरतात. स्टिअरिंग डावीकडं. सुमननं उदबत्ती ओवाळली. "आता काय बोलायचं ते बोलून टाका, नाहीतर तेबी कपाटात ठेवाल."

२ मार्च
फुलंब्री. दादा (तोंडावर दादाच म्हणतो, इथं काय म्हणायचं ते म्हणतो) अंगणात बाजेवर होते. गाडी पुढं ठेवली. बराच वेळ बघत राहिले. मी म्हणालो, "बघा दादा, काही चुकलंय का?"
"नाय. बरोबर हाय."
"स्टिअरिंग?"
"बरोबर हाय की."

मग गाडी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि गाडी चालवायला लागले. खरंच. उजवा हात गोल धरलेला आणि डावा हात खाली गिअर टाकतोय. पहिला, दुसरा. क्लचचा पाय सुद्धा.

डावा हात. गिअर तर मधे होता. स्टिअरिंग डावीकडं असतं तर उजव्या हातानं टाकला असता!

जे विचारायला गेलो ते राहिलंच. "चहा घेतलास का?" मला परत परत विचारत होते, कप माझ्या हातात असताना. सोंग. विषय टाळायची जुनी खोड. गाडी उचलली आणि निघालो.

३ मार्च
फोटो मोठा करून पाहिला. आबांच्या सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर आहे. असा सदरा कोणता शिंपी शिवतो? बाळूला फोन करून निगेटिव्ह बघायला लावली. खिडकीपाशी धरून कितीदा उलटसुलट केली असेल. शेवटी म्हणाला, "काका, स्टुडिओवाल्यानं उलटी छापली वाटतं." वाटतं!

म्हणजे माझं बरोबर होतं. मागं बसून पाहिलेलं, पण बरोबर. उलट्या फोटोवर विश्वास ठेवून मी माझाच बरोबर जॉब मोडला. आणि ज्यांनी ती गाडी चालवली, ते तोंडावर म्हणतात बरोबर हाय. गाडी कापली आणि ती कशी होती तेही लक्षात ठेवलं नाही. संताप संताप होतो नुसता.

१४ मार्च
स्टिअरिंग परत उजवीकडं. सोल्डरिंगच्या खुणा राहिल्या. पुट्टी भरून घासलं, रंग मारला, तरी मला दिसतात.

१७ मार्च
बाळूचा फोन. दादांना उद्या इथं मोठ्या डॉक्टरकडं आणतोय. हल्ली शेतातून घरी यायची वाट चुकतात म्हणे. "तुम्हाला त्या दिवशी जाणवलं असंल ना, काका?"
हो म्हणालो.

१८ मार्च
दवाखान्यातून सरळ आमच्याकडं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, वाढत जाणार. बाळू औषधं आणायला गेला. दादा पुढच्या खोलीत दिवाणावर बसले. मी कपाटातून गाडी काढून त्यांच्या हातात दिली. कशासाठी, माहीत नाही. आता विचारणार तरी काय?

स्टिअरिंगवर बोट फिरवलं. "आबांची," म्हणाले. मग दाराकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं.
"आन् मोठी कुठंय?"
मी चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.
"छपरात नाय. म्या पाह्यलं. इकली व्हय रं तू?"
"दादा, चहा घ्या."
"थोरल्याला इचारायचं तरी. आबाची गाडी व्हती ती. एका शब्दानं इचारायचं." आणि रडायला लागले. म्हातारा माणूस, नाकातोंडातून पाणी, गाडी छातीशी धरलेली.

माझेच शब्द. इतकी वर्षं मी मनात घोकलेले, जसेच्या तसे. त्यांना ऐकवणार होतो मी, तेच मला ऐकवतायत. खरं सांगावं, तुम्हीच कापलीत म्हणावं, असं ओठावर आलं होतं. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. नुसती मान हलवली तिनं. नको.

हे आतल्या खोलीत येऊन लिहितोय. बाळू अजून आला नाही. बाहेर जाऊन "चुकलं माझं, दादा" एवढं म्हटलं तर ते रडायचे थांबतील, सुमन म्हणते. तिचं काय जातं म्हणायला.

बाहेरून दादा परत हाक मारतायत. माझ्या लहानपणच्या नावानं.