पिवळे तळवे

फाल्गुन, बेस्तरवार, दिवेलागण

आमची नात दीड वर्साची झाली तरी आईच्या कडेवरच. पोर हाय का घागर? मी रोज बोलते. सून म्हणती, "आवं आत्याबाई, पडंल की ती." पडू दे. पडल्याबिगर कोण चाललंय?

आज अंगणात हळद घासून झाली, सगळीकडं पिवळी धूळ. सून पाण्याला गेली तवा मी पोरीला मधोमध उभी केली आन् लांब जाऊन बसले. रडली. दोनदा आपटली. मी बोट दिलं न्हाई. मग कलत्या उन्हात त्या धुळीतनं तरंगत आल्यागत आली, चार पावलं. तळवे पिवळेधमक.

सून घागर घेऊन दारात उभी. हळूच म्हणाली, "हिचं वडील असंच चालत गेलं लढाईवर."

म्हणून उतरवत न्हाई व्हय कडेवरनं. माझ्या कसं ध्यानात आलं न्हाई? माझाच ल्योक तो.

तरी म्हणाले, "चालत गेलेलं माणूस चालतच परत येतंय."

तिनं घागर उतरवली. पोरीला उचललं न्हाई.

आता पोर झोपलीया. तळवे धुवायचे राहिले. वाकळ पिवळी होणार. होऊ दे.