सुट्टीतले बेचाळीस फर्मे

मी, वय एकाहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, शिक्षण तिसरीपर्यंत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. भीती आहे ती माझी मलाच. अक्षर थरथरले आहे, त्यावरून डोके थरथरले असे समजू नये. सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, आणि तीन कागदांवर सह्या घेतात.

१. राहते घर मुलाला व सुनेला मिळून. मोरीतला नळ मी दोरीने बांधून ठेवला आहे. आधी प्लंबर बोलवावा, मगच दोरी सोडावी.

२. बँकेतली शिल्लक मुलीला. तिने कधीच काही मागितले नाही, म्हणून.

३. पुठ्ठा कापायची सुरी, भोके पाडायच्या आऱ्या व पुस्तके दाबायचा लोखंडी शिकंजा माझ्या जुन्या कारागिराला. मोठ्या भावाला यातले काही नाही. मी आठ वर्षांचा असताना तोच मला सुट्टीपुरता म्हणून बांधणीच्या कारखान्यात घेऊन गेला. महिनाभर छापील कागदांच्या ढिगात बसून मी एक ओळ वाचली नाही. शाळा उघडल्यावर गुरुजींनी उभे केले. अक्षरे ओळखीची वाटत होती, पण त्यांचा शब्द होईना. वर्ग हसला. मी दप्तर तिथेच टाकून कारखाना गाठला. ती सुट्टी अठ्ठावन्न वर्षे चालली. वाचायला पुन्हा शिकवले ते बायकोने, तिशीत. भाऊ आता थकला आहे, त्याला कोणी टाकून बोलू नये. पण शिकंजा द्यायचा नाही.

४. आता मुख्य. नात दुसरी पास झाली, उद्यापासून सुट्टी. पत्र्याच्या ट्रंकेत गोष्टींचे बेचाळीस फर्मे आहेत, म्हणजे सोळा-सोळा पानांचे सुटे भाग. ते मी मुद्दाम शिवलेले नाहीत. माझ्या मृत्यूनंतर तिला रोज एकच द्यावा. तिने मोठ्याने वाचावा, ऐकणाऱ्याने हातातला मोबाइल खाली ठेवावा. गोष्ट ऐन रंगात तुटली की ती रुसेल. रुसू द्यावी. पुढचा फर्मा उद्याच.

मुलगा म्हणतो, "बाबा, सुट्टी आहे, पोरीला जरा मोकळं सोडा." मी म्हणतो, दिवसभर खेळू दे की. मला अर्धा तास हवा. गेल्या सुट्टीत मी तीन आठवडे दवाखान्यात होतो, ट्रंक कोणी उघडली नाही. परत आलो तर 'समुद्र' या शब्दापाशी ती अडली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. आधी तो तिला यायचा. मरणाची भीती वाटत नाही असे नाही, पण ती नजर डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्यामागे ऐकायला कोण बसणार, हे मी चारदा विचारले. मुलगा चारही वेळा "बघू" म्हणाला. म्हणून लिहितो: मुलाने बसावे, न बसल्यास घरावर त्याचा हक्क नाही. वकील म्हणतात असली अट टिकत नाही. न टिको. लिहिली आहे.

५. हे कलम मागाहून जोडले. सहीआधी वरचे सर्व नातीकडून मोठ्याने वाचून घेतले. सून नको म्हणत होती. 'मृत्यूनंतर' पाशी नात थांबली. मी म्हणालो, सोड तो शब्द.

"अडलं म्हणून सोडायचं नाही, असं तुम्हीच सांगता ना आजोबा?"

अक्षराखाली बोट धरून तिने तो जुळवला, वाचला. मग विचारले, "म्हणजे मग मी कोणाला वाचून दाखवू?"

मुलगा कामावर निघाला होता, दारात उभा होता. तो बूट न काढताच आत आला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"मला," तो म्हणाला. "पुढचं वाच."

तिने शेवटपर्यंत वाचले. तो उठला नाही. सबब कलम चारमधली घराबद्दलची अट मी रद्द करत आहे. भीती गेली असे लिहिले तर खोटे होईल. हात मात्र सहीपुरता स्थिर आहे.

सही: पुस्तकबांधणीवाले आजोबा

आमच्यासमक्ष सही केली:
१. समोरचे शिंपी
२. वाचनालयातल्या बाई

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी