हाड म्हणजे चिरा नव्हे

बाबा, तुम्ही जन्मभर हाडं बसवलीत आणि हाड म्हणजे काय, ते तुम्हाला मरेपर्यंत कळलं नाही. मिरकरवाड्यातले खलाशी मोडलेले हातपाय घेऊन आपल्या पडवीत यायचे. तुम्ही बांबूच्या कामट्या बांधायचात आणि ऐटीत सांगायचात, "हाड म्हंजे जांभ्याचा चिरा. बसवला की हलवायचा नाय." पाय मोडलेल्याच्या पायाखाली फणसाचा पाट असायचाच. पाय उघड्या जमिनीला लागला तर जमीन हाडातलं बळ ओढून घेते म्हणे! माझा कोपरही तुम्ही असाच चिरा समजून पावसाळाभर बांधून ठेवलात. तो आजही सरळ होत नाही. मी रडलो तेव्हा म्हणालात, "वाकडा तर वाकडा, जुळला ना? मग गप." केवढा तो रुबाब, आणि कशाच्या जोरावर?

आता माझा पाय मोडलाय. नवी रेल्वे बघायला गेलो आणि स्टेशनच्या पायरीवरून पडलो. प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणतात, पायावर वजन टाका, नाहीतर कायमचे खाटेवर राहाल. मी पाय खाली सोडतो आणि पुन्हा वर घेतो. पुन्हा मोडला तर?

तुमची नात कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. हाडात आणि दातात जे खनिज असतं, त्याची भुकटी दाबून ती वड्या करते. सांगत होती, "अप्पा, ही वडी तापवून विजेच्या दाबाखाली निववली की एका अंगाला धन, दुसऱ्या अंगाला ऋण विद्युतभार धरून ठेवते. वीज बंद केली तरी तो राहतो. ऋण बाजूवर हाड लवकर धरतं, असं बाहेरच्या देशांत दिसलंय. आणि आपलं जिवंत हाड दाबलं तरी त्यात बारीक वीज उठते. म्हणून म्हणते, उभे राहा."

"मग ती वीज जमिनीत उतरून जायची नाही ना?" मी विचारलं.

"तुमच्या पायात वीज कमी, भीतीच जास्त आहे," ती हसून म्हणाली.

ऐकलंत, बाबा? चिरा म्हणे!

आज ती कॉलेजात गेल्यावर मी उभा राहिलो. पाय मोडला नाही. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून लिहितो. उभा राहण्याआधी काठीने खाटेखालून तुमचा पाट ओढला, आणि उभा राहिलो तो त्याच्यावर. ती यायच्या आत तो परत आत सरकवलाय.