सातू कोणाच्या नावानं

१९ एप्रिल १९८०, शनिवार

रुखमा आज पुन्हा चक्कर येऊन बसली. सातवा महिना, डोक्यावर मातीची टोपली, अकराचं ऊन. टोपली सोडली नाही, तशीच धरून खाली बसली. मी हजेरीचा कागद टाकून धावले. सकाळपासून काय खाल्लंस विचारलं तर म्हणाली, "पेज पेली." म्हणजे भाताचं पाणी.

चौथीपर्यंत आम्ही दोघी शाळेत एकाच पट्टीवर बसलो. पुढे ती भावंडं सांभाळायला घरी राहिली, मी बी.ए. झाले. आमच्या घरात पहिलीच. त्याचा रुखमाला काय उपयोग, हे दिवसभर डोक्यात.

तलावाचा गाळ काढायचं काम अजून महिनाभर आहे. मुकादम परसरामजींचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही, म्हणून हजेरी मी लिहिते. रोज पाहते, पण लिहिण्यापलीकडे काय करते?

२० एप्रिल

कॉलेजची गृहशास्त्राची वही काढली. गरोदर स्त्रीस प्रथिने हवीत, उन्हाळ्यात पचतील अशी. वाचताना हसू आलं. ते तर आपलं सातूच! तीनच दिवसांपूर्वी अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मायनं पितरांपुढे ठेवलं होतं. मेलेल्यांना सातू आणि जिवंत बाईला पेज.

मायजवळ चणे आणि गहू मागितले. "कायले?" सांगितलं. मापानं काढून दिले. भिजत घातले.

२२ एप्रिल

काल दिवसभर सुकवले, आज रेतीत भाजले. पहिला घाणा करपला. माय दारातून म्हणाली, "रेती तापू दे पहिले. पुस्तकात नाही लिवलं?" दुसरा बरा जमला. चण्याची सालं पाखडून काढली, गहू वेगळे भाजले, मग दोन्ही जात्यावर. हाताला फोड आले. पीठ मात्र असं खमंग की बाबा दोनदा आत डोकावून गेले.

२३ एप्रिल

फजिती.

घागरभर पाण्यात अर्धं पीठ एकदम ओतलं. गुठळ्या! हातानं फोडत बसले. गूळ, चिमूटभर मीठ. तलावाच्या पाळीवर पळसाखाली घागर ठेवली आणि सगळ्यांना हाक मारली. बाया आल्या, उभ्या राहिल्या. मंदाबाई सगळ्यांत मोठ्या, त्यांनीच विचारलं, "कोणाच्या नावानं पाजून राहिली, पोरी?"

"कोणाच्याच नावानं नाही. तब्येतीसाठी."

"नाव नाही मंग दान कायचं?"

"दान नाही हो हे."

"दान नाही, आम्ही विकत घेतलं नाही. मंग हाय तरी काय?"

मी प्रथिनांवर बोलले. बरंच बोलले. जनाबाई मागून म्हणाल्या, "बाई भाषण चांगलं देते, इलेक्शनले उभी कराची." सगळ्या हसल्या आणि कामावर गेल्या. घागर तशीच. घरी आणली तेव्हा आंबली होती.

२४ एप्रिल

माय म्हणाली, "तुह्या आजीच्या नावानं पाज. वैशाखात पाणी पाजतात लोक. घेतील." मला पटत नव्हतं. सातू पौष्टिक आहे म्हणून प्यावं, त्यात आजी कुठून आली? पण रुखमासाठी तत्त्व बाजूला ठेवलं. रात्री लिहायला सोपं वाटतंय, तेव्हा वाटलं नाही.

या वेळी आधी थोड्या पाण्यात पीठ कालवलं, मग वाढवत नेलं. एकही गुठळी नाही. आजीचं नाव सांगताच रांग लागली. मंदाबाईंनी आजीला तोंड भरून आशीर्वाद दिला. "लई मायाळू बाई होती." परसरामजी दोन गिलास प्याले.

रुखमा दूर बसून राहिली. मी गिलास नेला. तिनं हात मागे घेतले.

"पोटुशा बाईनं मेलेल्याच्या नावाचं नाही प्यावं, शकुन. सास बोलन. अन् मलेही भेव वाटते."

अख्ख्या कामावर एकटी तीच उपाशी. जिच्यासाठी केलं तीच!

२५ एप्रिल

काही लिहावंसं वाटत नाही. आजीचं नाव घ्यायलाच नको होतं.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी रुखमा दाराशी. पदराला गाठ. सोडली तर मूठभर चणे.

"हे तुह्या सातूत टाक. मंग ते माह्या घरचं होते. माह्या घरचं मले कोण नाही म्हणन?"

चार दिवस मी वही चाळत होते. उत्तर तिच्या पदरात.

२८ एप्रिल

रुखमाचं ऐकून मंदाबाई म्हणाल्या, "तिचीच मूठ काहून? आमच्या घरी का दाणे नाहीत?" संध्याकाळपर्यंत चौदा मुठी. चणे, गहू, एकीचे तांदूळ. जनाबाईंनी लाखोळीची डाळ आणली. मी घेतली नाही. रोज लाखोळी खाल्ली तर पाय लुळे पडतात, वहीत आहे. "माहे पाय रोज तलावावर येतात, तुह्या वहीले विचार कसे येतात," असं म्हणून रुसून बसल्या. त्यांच्या घरी दुसरं काही नाही, हे मला नंतर कळलं. किती वाईट बोलले मी. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, भाजायला याल का विचारलं. तुमच्याइतकं मला जमत नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. आल्या.

या वेळी दाणे न भिजवता तसेच भाजले. मायनं आधी कुरकुर केली. "गावभरचे दाणे माह्या जात्यात?" मग जात्याच्या दुसऱ्या बाजूला तीच येऊन बसली.

३० एप्रिल

रुखमानं आज सगळ्यांच्या आधी गिलास घेतला. गटागटा प्याली. दुसरा मागितला. दुपारभर एकदाही बसली नाही. परसरामजींनी तिला टोपल्या भरायच्या कामावर सावलीत घातलं, तेही मी न सांगता.

१ मे

पाणी बेतानं घाला, मीठ शेवटी घाला असं मी सांगत होते. मंदाबाई म्हणाल्या, "सांगून सांगून दमवतेस. एक टोपली उचलून तर पाह्य." उचलली. बारा खेपा केल्या. मान अजून ताठ आहे, बोटांनी पेन धरवत नाही.

४ मे, रविवार

ऊन लागलं. दोन दिवस ताप, उठवत नव्हतं. आज दुपारी रुखमा आली, हातात झाकलेला लोटा.

"पी."

म्हटलं, तुझा वाटा मला कशाला?

"माहा पिऊन झाला. हा तुहा हाय. मुठी जमवल्या तवा मंदाबाईनं तुह्यासाठी येक जास्तीची टाकली."

बसून सगळा प्याले. मीठ जरा जास्त होतं. सांगितलं नाही.