पंचमाची तार

देवपूर, धुळे
रविवार, १७ जानेवारी १९८८

चि. सौ. कुंदा हिस,
अभिमनभाऊचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. बन्सीलालरावांचा खोकला थांबला का? तुझ्या मंजुळावहिनीने दिलेला तिळगूळ पाकिटात आहे. टपालात त्याचा भुगा झाला तर चमच्याने खा, पण गोड बोल. शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल आहे. स्वागतगीत यंदाही तेच, चालही तीच, आणि मुख्याध्यापक यंदाही म्हणाले, "वा, नवीन बसवलंत!"

हे सांगायला मी पत्र लिहीत नाही, हे तुला कळलेच असेल.

जळगावच्या संगीत मंडळाने फेब्रुवारीच्या कार्यक्रमातून तुझे नाव काढले, असे परवा समजले. चिटणिसांनी म्हणे दैनिकातले माझे परीक्षण कापून फायलीला लावले आहे. 'राग जौनपुरी गाताना कुंदाबाईंच्या पंचमाला शेवटपर्यंत घर सापडले नाही.' हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचले होते, आणि मला ते फार आवडले होते. सोनगीरला रतिलाल गुरुजींपुढे आपण दोघे बसायचो. गायलीस तू. मी गाणाऱ्यांवर लिहीत बसलो. त्या आवडण्यात हेही थोडे असावे. किती होते, ते मला अजून ठरवता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. संक्रांतीच्या आधी सर्दीने उजवा कान ठणकत होता, म्हणून त्यात कापूस घातला. तसाच सकाळी तंबोरा घेऊन बसलो, तर पंचमाची तार चढलेली. कालच लावलेली तार चढेल कशी? उतरवून जुळवली. संध्याकाळी कापूस काढून ऐकली, तर उतरलेली! मंजुळाला तारेजवळ बसवले. ती म्हणाली, "तार तीच शे. तुम्हनाच कान फिरना." मग शाळेच्या घंटेपाशी उभा राहून एकदा हा कान दाबला, एकदा तो. घंटा एक, सूर दोन. शिपाई माझ्याकडे बघत राहिला.

डॉक्टर म्हणतात, उजव्या कानाला काही सूर उतरलेले लागतात. कधीपासून, ते त्यांना सांगता येत नाही. मलाही नाही.

कुंदा, त्या जौनपुरीच्या दिवशी गाण्याआधी तू पाया पडलीस आणि "भाऊ, तुम्हीच लावा" म्हणून तंबोरा माझ्या हाती दिलास. मोठ्या गुरुभावाने लावायचा, ही आपल्याकडची रीत. मी नेहमीसारखा उजवा कान भोपळ्याशी नेऊन लावला. मग पहिल्या रांगेत बसून तुझा पंचम उतरला असे लिहून मोकळा झालो.

काल तबलजी लोटनला गाठून विचारले. आधी तो सुपारीच कातरत बसला. मग म्हणाला, "भाऊ, तार चढेल व्हती. बठ्ठासले समजनं. मी सांगाले निंघनू, तं ताई बोलनी, भाऊनी लायेल शे, ऱ्हाऊ दे."

म्हणजे सगळ्यांना कळले होते, आणि चुकीच्या तारेशेजारी तू दोन तास बरोबर पंचम लावत राहिलीस! आणि छापून आल्यावरही तुझे एक पोस्टकार्ड नाही. मला तुझा रागच आला. नंतर कोणाचा आला ते कळेना. अकरा वर्षांची कात्रणे काढून बसलो आहे. ज्यांना बेसूर म्हटले त्यांतले खरे बेसूर किती? ज्यांना वाखाणले ते तरी सुरात होते का? काहींचे चेहरे आठवतात, आवाज आठवत नाहीत. डोके चालेनासे झाले आहे.

तू गप्प राहिलीस, तो मोठ्या भावाचा मान होता, की पेपरात लिहिणाऱ्याची भीती? मान असेल तर मला लाज वाटते. भीती असेल, तर माझी चूक मला सांगणारे या जिल्ह्यात कोणी उरले नव्हते, आणि तरी मी दुसऱ्यांच्या चुका छापत होतो.

खुलासा लिहून तुझ्याकडेच पाठवणार होतो. पण मला तुझा स्वभाव माहीत आहे. 'भाऊंचं नाव जाईल' म्हणून तू तो लुगड्यांच्या घडीत ठेवून दिला असतास. म्हणून सकाळीच एक प्रत दैनिकाला आणि एक चिटणिसांना, मी स्वतः पेटीत टाकली. कानाचे लिहिले आहे, तंबोऱ्याचेही. यापुढे परीक्षण लिहिणार नाही, हेही. पेटीत हात घातल्यावर क्षणभर पाकीट सोडवेना. मग सोडले.

मंडळाने बोलावले तर जा. तंबोरा स्वतः लाव. मी आलो आणि सवयीने हात पुढे केला, तर सगळ्यांसमोर म्हण, "भाऊ, राहू द्या." गुरुजींची शपथ आहे तुला.

तुझा,
सूर बरोबर होता की नाही, हे आता तुलाच विचारावे लागणारा,
अभिमनभाऊ