कमर आधी

३ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

१२ तारखेच्या रविवारच्या गोल्फच्या सामन्यातून तुझं नाव मी क्लबच्या सेक्रेटरीला सांगून काढायला लावलं आहे. डावा खुबा बदलून सहाच महिने झाले आणि बाईसाहेब निघाल्या जोडीचा सामना खेळायला! एकसष्टी झाली, आता दमानं घे. अगदीच राहवत नसेल तर एकटी जा आणि कमर न हलवता नुसत्या हातांनी मार. गुडघा गेल्यावर मी खेळ सोडलाच ना? मेलो का?

राग गिळून खुशाली कळव.

तुझा दादा

६ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

राग गिळणार नाही. खुबा माझा, नाव माझं, ते कापणारा तू कोण?

नुसत्या हातांनी मारून पाहिलं. हातातला क्लब आडवा आला आणि चेंडू थेट तळ्यात. तीनदा! मी विशीत असताना तू मागे उभा राहून माझा वर गेलेला क्लब घट्ट धरायचास. म्हणायचास, हात विसर, वजन डाव्या पायावर घे, कमर वळव, खांदे मागून येतील, हात सगळ्यांत शेवटी. कमर वळली की मगच सोडायचास. तोच तू आज कमर हलवू नको म्हणतोस? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खुबा वापरायला बसवलाय, जपून ठेवायला नाही.

नाव पुन्हा घातलंय. जोडीदार म्हणून खाली तुझं लिहिलंय. कापायचं तर समोर येऊन काप.

माया असू दे, धाक नको.

बेबी

९ फेब्रुवारी

चि. बेबीस,
आशीर्वाद.

तुला खोटं पाडायला अंगणात जुना क्लब नुसत्या हातांनी फिरवला. तुझ्या वहिनीची कुंडी फुटली. मग चिडून कमर वळवली. गुडघा बोंबलला, पण क्लब सरळ आला.

मंगळवारी कुंपणाबाहेरून तुला खेळताना पाहिलं. खरं सांगतो, नाव कापलं ते तुझ्या खुब्यापायी नव्हे. तू मैदानात उतरलीस तर मला घरी बसायला कारण उरणार नव्हतं.

तुझा उजवा खांदा अजून घाई करतो. रविवारी सातला ये. आधी मागे उभा राहून क्लब धरीन, आणि कमर वळल्याशिवाय सोडणार नाही.

तुझा जोडीदार