खिशाखालचा डाग

५ जानेवारी
मोहोपाड्यात पोचलो! हिंगोलीहून एवढं लांब पहिल्यांदाच. माझा पाय घरात टिकत नाही म्हणून आई वैतागलेली, आता सुटली बिचारी. काम गोदामात पिंपं हलवायचं. खोलीत चौघं. कपिल कर्जतकडचा, सारखा हसवतो. मला गोमाची खाट मिळाली. तो गावी गेला तो आलाच नाही. त्याचा शर्ट खिळ्याला तसाच. कपिल म्हणाला, घाल रं, चांगला हाय. अंगाला बरोबर बसला. फक्त डाव्या खिशाखाली तपकिरी डाग, रुपयाएवढा. धुऊन जात नाही.

२२ जानेवारी
छातीच्या डाव्या बोंडाला खाज. खपली धरते, निघते, खाली लाल ओलं. घामानं असेल. खोलीत सगळ्यांनाच गजकर्ण, चौघांत एक ट्यूब. तीच लावतो.

१७ फेब्रुवारी
सगळ्यांचं गेलं. माझं दोनदा गेलं, दोनदा आलं. कपिलला सांगितलं तर म्हणतो, दूध येतंय का रं? बनियन वर केलं. हसायचा थांबला. म्हणाला, गोमाचं पण असंच होतं. लाजून कुणाला दाखवलं नाय, ट्यूब चोळत बसला.

२० फेब्रुवारी
खोपोलीला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. म्हणाल्या, छातीचा कॅन्सर पुरुषांनाही होतो. पण वरून सगळे चट्टे सारखेच दिसतात. साधा इसब असेल. किंवा कॅन्सर. त्यातला एक कातडीपुरताच, एक बहुतेक काळा पडणारा. आणि एक आतल्या गाठीतून वर येऊन बोंडावर बसतो. तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. तुकडा काढला. शर्टाचं विचारलं. कपड्यातून लागत नाही म्हणाल्या.
तुकडा काढायच्या आधी त्यांनी चाचपलं होतं. बोंडाच्या मागं त्यांचं बोट थांबलं. फिरून तिथंच आलं. मी पंखा बघत होतो. काही वाटलं नाही.

२५ फेब्रुवारी
कपिलनं गोमाला फोन लावला. बायकोनं उचलला. तो बाहेर जाऊन बोलला. आत आला, शर्ट काढून नेला, जाळला. काय म्हणाली विचारलं. म्हणाला, जेव रं आधी.

२७ फेब्रुवारी
आईनं लग्नासाठी एका मुलीचा फोटो पाठवला. बरी आहे म्हणालो.

२८ फेब्रुवारी
माझा नवा शर्ट. तोच डाग. तिथंच.

१ मार्च
उद्या रिपोर्ट. कातडीपुरताच असेल. गाठ नसली म्हणजे झालं — मी अजून हात लावला नाही. सगळे कामावर गेलेत. उजव्या हातात पेन, डाव्याची दोन बोटं —
इथं मऊ. इथंही मऊच.
बाईंचं बोट जिथं —